वैद्यकीय शब्दांचा विग्रह: ग्रीक-लॅटिन मुळे शिकण्याचा मराठी विद्यार्थ्याला खरोखर उपयोग होतो का?

प्रश्न | कोरीवही

नमस्कार. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले असून सध्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय समजायला मला अडचण येत नाही, अडचण येते ती नावांची. वर्गात ऐकलेली नावे मी देवनागरीत लिहून घेते, रात्री पाठ करते आणि दोन दिवसांनी 'नेफ्रायटिस' कुठला आणि 'न्युरायटिस' कुठला हे पुन्हा पुस्तक उघडून पाहावे लागते. पुढच्या वर्गातल्या एका ताईंनी सल्ला दिला की शब्द पाठ न करता त्यांची ग्रीक आणि लॅटिन मुळे शिकावीत, म्हणजे नवा शब्दही ओळखता येतो.

सल्ला पटतो, पण धास्तीही वाटते. इंग्रजीच माझी तिसरी भाषा आहे. त्यात आणखी दोन मृत भाषांचे ओझे घेतले तर पाठांतर कमी होईल की दुप्पट? शिवाय एकाच अवयवाला दोन-दोन नावे का असतात हेही कळत नाही. मूत्रपिंडाच्या शिरेला 'रीनल' म्हणतात आणि मूत्रपिंडाच्या सुजेला 'नेफ्रायटिस'. फुप्फुसाचे कधी 'पल्मनरी' होते, तर कधी 'न्यूमो'. केसपेपरवर लिहिलेले बी. डी., टी. डी. एस. आणि एस. ओ. एस. हेही लॅटिनच आहे असे ऐकले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर | जुनाफळा

मी अनेक वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवले असून आता निवृत्त आहे. तुमच्या ताईंचा सल्ला योग्य आहे, मात्र तो अर्धाच आहे. उरलेल्या अर्ध्याविषयी शेवटी थोडे लिहितो.

आधी दोन नावांचे कोडे सोडवू. रोमन साम्राज्यात वैद्यक हा मुख्यतः ग्रीक वैद्यांचा व्यवसाय होता, त्यामुळे रोगांची आणि उपचारांची भाषा ग्रीकच राहिली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात केल्सस याने वैद्यकावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला, तेव्हा ग्रीक संज्ञांना लॅटिन प्रतिशब्द शोधण्याचे काम त्याला स्वतःलाच करावे लागले. पुढे युरोपात हजार वर्षांहून अधिक काळ विद्येची भाषा लॅटिन होती. व्हेसॅलियसचा शरीररचनेवरचा मोठा ग्रंथ १५४३ मध्ये निघाला तोही लॅटिनमध्येच, आणि १८९५ मध्ये बासेल येथे शरीराच्या भागांच्या नावांची अधिकृत यादी ठरवण्यात आली तीही लॅटिनच होती. याचा परिणाम असा झाला की शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसणाऱ्या भागाचे नाव बहुधा लॅटिन असते, आणि त्या भागाला झालेल्या रोगाचे किंवा त्यावर केलेल्या शस्त्रक्रियेचे नाव बहुधा ग्रीक असते. म्हणून शीर 'रीनल' आणि सूज 'नेफ्रायटिस'; गर्भाशय 'युटेरस' आणि ते काढण्याची शस्त्रक्रिया 'हिस्टरेक्टॉमी'; स्तनासंबंधीचे 'मॅमरी' आणि स्तन काढणे 'मॅस्टेक्टॉमी'. नियमाला अपवाद भरपूर आहेत. 'अपेंडिसायटिस' हा शब्द १८८६ मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी रूढ केला आणि त्यात लॅटिन शब्दाला सरळ ग्रीक शेपूट जोडलेले आहे. भाषाशुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांनी त्याबद्दल नाके मुरडली, पण शब्द टिकला.

आता वाचण्याची पद्धत. तुम्ही शाळेत समासाचा विग्रह केला असेल, इथेही तेच करायचे आहे, फक्त सुरुवात शेवटून करायची. 'राजवाडा' म्हटल्यावर तो आधी वाडा असतो आणि मग राजाचा, तसेच 'गॅस्ट्रायटिस' हा आधी दाह असतो आणि मग जठराचा. ग्रीक भाषा संस्कृतइतकीच समासप्रिय आहे, लॅटिन तितकी नाही. शास्त्रज्ञांना नवा शब्द घडवायचा झाला की ते ग्रीककडे वळतात त्याचे हेही एक कारण आहे. दोन मुळांच्या मध्ये येणारा 'ओ' हा निव्वळ सांधा आहे, त्याला अर्थ नाही. 'गॅस्ट्रोएन्टेरोलॉजी' मध्ये तो दोनदा येतो, आणि शब्दाचे शेवटचे पद स्वराने सुरू झाले की तो बहुधा गळतो, म्हणून 'गॅस्ट्रोआयटिस' असे कोणी म्हणत नाही.

शेवटची पदे मोजकीच आहेत. 'एक्टॉमी' म्हणजे कापून बाहेर काढणे, 'अल्जिया' म्हणजे वेदना, 'ईमिया' म्हणजे रक्ताची स्थिती, 'युरिया' म्हणजे मूत्राची. 'आयटिस' ची गोष्ट मला फार आवडते, कारण मुळात त्याचा दाहाशी काही संबंधच नव्हता. ग्रीकमध्ये ते केवळ 'चा, ची, चे' सारखे विशेषण घडवणारे प्रत्यय होते. 'आर्थ्रायटिस' म्हणजे 'सांध्याचा', आणि पुढे 'नोसोस' म्हणजे रोग हा शब्द गृहीत धरलेला असे. रोग हा शब्द बोलण्यातून गळाला, प्रत्यय उरला आणि कालांतराने त्यालाच दाह हा अर्थ चिकटला.

अवयवांची नावे तर अजिबात घाबरण्यासारखी नाहीत, कारण ती नावे ठेवणाऱ्यांनी आपल्या आजीसारखाच विचार केला आहे. गुडघ्याच्या पुढच्या हाडाला 'पटेला' म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लहान पसरट भांडे असा होतो, आणि आपण त्याच हाडाला गुडघ्याची वाटी म्हणतो. डोळ्यातल्या काळ्या छिद्राला लॅटिनमध्ये 'पुपिल्ला' म्हणजे लहान बाहुली म्हणतात, कारण समोरच्याच्या डोळ्यात पाहिले की आपलेच इवलेसे प्रतिबिंब दिसते. मराठीत आपण दुसरे काय म्हणतो? डोळ्याची बाहुलीच. 'टिबिया' या लॅटिन शब्दाचे नडगीचे हाड आणि बासरी असे दोन्ही अर्थ आहेत, आणि मटणातल्या हाडाला आपण नळी म्हणतो. कधी कधी मात्र प्राणी बदलतो. 'मस्क्युलस' म्हणजे छोटा उंदीर, कारण कातडीखाली हलणारा स्नायू पाहून रोमन माणसाला उंदीर आठवला. मराठी मुलाने दंड फुगवला की त्याला बेटकुळी म्हणजे बेडूक दिसतो. पाठीच्या कण्याच्या टोकाला ग्रीकांनी 'कोक्किक्स' म्हणजे कोकिळा म्हटले, कारण त्या हाडाचा आकार त्यांना कोकिळेच्या चोचीसारखा वाटला, आणि आपण त्याला माकडहाड म्हणून मोकळे झालो. आमच्या वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेही जागी होत.

उरलेला अर्धा सल्ला असा की मूळ कळले म्हणजे रोग कळला असे समजू नका. मुळातून कळते ते नाव ठेवणाऱ्याला काय वाटले ते. 'आर्टरी' या शब्दाचा उगम पाहिला तर प्राचीन ग्रीकांच्या समजुतीप्रमाणे ती हवेची नळी ठरते, कारण प्रेतात धमन्या रिकाम्या दिसत. श्वासनलिकेलाही ते 'आर्तेरिया' च म्हणत, फक्त ती खडबडीत म्हणून 'त्राखेइया आर्तेरिया'. पुढे विशेष्य गळून गेले आणि आज आपण श्वासनलिकेला नुसतेच 'ट्रेकिया' म्हणजे 'खडबडीत' म्हणतो. धमन्यांमध्ये रक्तच असते हे रोमन काळातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याने दाखवून दिले तरी नाव बदलले नाही.

उत्तर | उपसर्ग

मी संस्कृतचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नाही, त्यामुळे रोगांविषयी काही बोलणार नाही. पण 'दोन मृत भाषांचे ओझे' या शब्दांवर मला हरकत घ्यावीशी वाटते, कारण त्यातले निम्मे सामान तुमच्या घरातच आहे.

दाताच्या दवाखान्यात ऐकू येणारा 'पायोरिया' हा शब्द घ्या. त्याचा पहिला भाग ग्रीक 'पूओन' आणि दुसरा 'ऱ्हेइन' म्हणजे वाहणे. 'पूओन' हा संस्कृत 'पूय' चा, म्हणजे आपल्या जखमेत होणाऱ्या 'पू' चा सख्खा भाऊ आहे, आणि 'ऱ्हेइन' ज्या मूळ धातूपासून आले त्याचेच संस्कृत रूप 'स्रु', ज्यापासून आपला 'स्राव' झाला. पायोरिया म्हणजे अक्षरशः पूयस्राव. 'डायरिया' मधले आणि कान वाहण्याला म्हणतात त्या 'ओटोरिया' मधले शेपूटही हेच.

एकदा ही सवय लागली की शब्द ओळखीचे वाटू लागतात. 'ऑस्टिओ' म्हणजे अस्थि, 'ओडोंटो' म्हणजे दंत, 'गोनार्थ्रोसिस' मधला 'गोनू' म्हणजे जानु, 'ओनिको' म्हणजे नख, 'एन्टेरॉन' म्हणजे आंत्र, मराठीतले आतडे. 'कार्डिया' आणि हृद्, 'हेपार' आणि यकृत् ही जोडी कानाला पटत नाही, पण भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती पक्की आहे. 'पेप्टिक अल्सर' मधला 'पेप्' हा आपल्या 'पच्' चाच अवतार असून ग्रीकमध्येही त्याचे अर्थ शिजवणे, पिकणे आणि पचवणे असेच होते. रुग्ण 'मला पचत नाही' म्हणतो आणि डॉक्टर 'डिसपेप्सिया' लिहितात, तेव्हा दोघे एकाच धातूचा वापर करत असतात. त्यातला 'डिस' हा आपला 'दुस्' किंवा 'दुर्', जो 'दुर्गंध' आणि 'दुष्काळ' या शब्दांत आहे. उलटीला वैद्यकात 'एमेसिस' म्हणतात, ते 'वमन' चे भावंड.

उपसर्गांत तर मराठी माणसाला आयतेच घबाड मिळते. 'हायपर' म्हणजे उपरि, 'हायपो' म्हणजे उप, 'पेरी' म्हणजे परि, 'प्रो' म्हणजे प्र, आणि नकारार्थी 'अन्' तर जसाच्या तसा आहे: 'अनीमिया' मधला 'अन्' आणि 'अनावश्यक' मधला 'अन्' हे एकच. 'पेरिटोनियम' हे पोटातले आवरण म्हणजे 'परि' अधिक 'तन्', सभोवार ताणलेले. 'हायपरटेन्शन' मध्ये ग्रीक 'हायपर' आणि लॅटिन 'टेन्शन' असा संकर आहे, पण तिथेही उपरि आणि ताण हे दोघेही आपलेच नातलग. 'थर्मामीटर' मधला 'थर्म' आणि संस्कृत 'घर्म' म्हणजे उष्णता हे सगोत्र आहेत, आणि 'घर्म' पासून मराठीत 'घाम' झाला. ताप मोजायच्या काचेच्या नळीत घाम दडलेला आहे हे मला स्वतःला कळले तेव्हा मी दिवसभर ते भेटेल त्याला सांगत होतो.

एक ध्वनिनियम लक्षात ठेवावा. ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या जुन्या 'स' चा बहुधा 'ह' झाला आहे. म्हणून सप्त ते 'हेप्टा', सम ते 'होमो', अर्धा या अर्थाचे संस्कृत 'सामि' ते 'हेमी', आणि स्वप्न ते 'हिप्नोस', म्हणजे झोप. हा बदल मराठी कानाला परका वाटू नये, कारण फारसीतही तो झाला आणि तिथून आलेला 'हप्ता' आपण 'सप्ताह' च्या शेजारीच वापरतो.

काही ठिकाणी नाते शब्दांचे नसून कल्पनेचे असते. 'हेमिप्लेजिया' म्हणजे अर्ध्या भागावर झालेला प्रहार, आणि 'पक्षाघात' या शब्दाचा अर्थही एका बाजूवर झालेला आघात असाच आहे. शब्द वेगळे, पाहणे एकच.

मात्र दोन इशारे देतो. पहिला: संस्कृत ही ग्रीकची आई नाही, बहीण आहे. भाषापंडित विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या व्याख्यानात हेच मांडले होते, की या भाषा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नसेल. 'सगळे वैद्यकीय शब्द संस्कृतमधून चोरले' असे निरोप फिरतात, त्यांवर विश्वास ठेवू नये. दुसरा: यमक जुळले म्हणजे नाते जुळले असे नाही. 'डर्मा' आणि 'चर्म' दोन्हींचा अर्थ कातडी, दोन्हींत 'र्म', तरीही ते वेगवेगळ्या धातूंपासून आले आहेत. आणि खरे नाते असले तरी अर्थ भरकटतो. ग्रीक 'नेउरोन' आणि संस्कृत 'स्नायु' हे सगोत्र असून दोन्हींचा जुना अर्थ कंडरा किंवा तंतू असा होता. पुढे 'न्यूरो' मज्जातंतूंकडे गेला आणि मराठीतला 'स्नायू' मांसाकडे वळला. तेव्हा 'न्युरायटिस' वाचून स्नायूची सूज असा अर्थ केलात, तर व्युत्पत्ती बरोबर असूनही परीक्षेत शून्य मिळेल.

उत्तर | रात्रपाळी

मी वॉर्डात काम करते आणि तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे, म्हणून एकेरीत लिहिते. वर सरांनी लिहिलेले वाचून आनंद झाला, पण मी जिथे उभी असते तिथून मला शब्दांचे सौंदर्य कमी आणि धोके जास्त दिसतात.

सर्वांत मोठा धोका एका अक्षराचा आहे. 'गॅस्ट्रेक्टॉमी' म्हणजे जठर किंवा त्याचा भाग काढून टाकणे, आणि 'गॅस्ट्रॉस्टॉमी' म्हणजे जठराला पोटावर तोंड पाडून तिथून नळीने अन्न देण्याची सोय करणे. 'स्टोमा' म्हणजे ग्रीकमध्ये तोंड. एकदा एका रुग्णाच्या मुलाला कोणीतरी घाईत दुसऱ्याऐवजी पहिला शब्द सांगितला होता, आणि 'आईचे पोटच काढणार' असे समजून तो जिन्यात रडत बसला होता. मी त्याला कागदावर चित्र काढून समजावले. संमतिपत्रावर सही घेण्याआधी तुला हा फरक झोपेतही सांगता आला पाहिजे. तसेच 'टॉमी' म्हणजे केवळ छेद घेणे, 'एक्टॉमी' म्हणजे छेदून बाहेर काढणे, आणि 'ऑस्टॉमी' म्हणजे तोंड तयार करणे.

'हायपो' आणि 'हायपर' विषयी तर मी म्हणेन की तोंडी निरोप घेताना ते शब्द पुन्हा उच्चारून खात्री करून घे. 'हायपोग्लायसीमिया' मध्ये साखर द्यायची असते आणि 'हायपरग्लायसीमिया' मध्ये द्यायची नसते, आणि पहाटे तीन वाजता फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. 'हीमोप्टिसिस' म्हणजे खोकल्यातून रक्त पडणे आणि 'हिमॅटेमेसिस' म्हणजे रक्ताची उलटी. नातेवाईक दोन्हींना 'तोंडातून रक्त आले' एवढेच म्हणतात, त्यामुळे कागदावर काय लिहायचे हे विचारपूस करून तुलाच ठरवावे लागते.

तू देवनागरीत टिपणे काढतेस हे चांगले आहे, पण त्यात एक खड्डा आहे. काही वेगळे शब्द देवनागरीत एकसारखे दिसतात. 'इलियम' हे नाव कमरेच्या हाडाचेही आहे आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचेही. इंग्रजी वर्णलेखनात एका अक्षराचा फरक आहे, आपल्या लिपीत तोही उरत नाही. 'हायपरहायड्रोसिस' ऐकून पाणी आठवते, पण तिथला 'हिद्रोस' म्हणजे घाम आहे, पाणी नव्हे. म्हणजे उपसर्ग सरांच्या 'स' चा 'ह' होण्याच्या नियमाप्रमाणे तो स्वेद झाला. 'हायड्रोसिफॅलस' मधला मात्र खरोखर पाण्याचा. अशा जोड्यांसाठी टिपणात इंग्रजी वर्णलेखन शेजारी लिहायलाच हवे.

'ओमा' आले की गाठ, असे शिकवतात आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. पण 'ग्लॉकोमा' म्हणजे काचबिंदू, त्यात गाठ नसते, आणि 'हीमॅटोमा' म्हणजे साकळलेले रक्त. शिवाय 'लायपोमा' ही चरबीची निरुपद्रवी गाठ असते, तर 'लिम्फोमा' हा कर्करोग असतो. रुग्णासमोर शब्दावरून अंदाज बोलून दाखवू नये. 'डायबेटिस' चेही तसेच आहे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ आरपार वाहून जाणे, आणि 'मेलिटस' म्हणजे मधासारखा गोड. 'डायबेटिस इन्सिपिडस' मध्ये 'इन्सिपिडस' म्हणजे बेचव, त्याचा साखरेशी संबंध नाही. तरीही तो शब्द ऐकून घरचे लोक रुग्णाचा चहा बिनसाखरेचा करून आणतात, आणि त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही.

सगळेच शब्द ग्रीक-लॅटिन नसतात हेही लक्षात असू दे. 'हायपरकलेमिया' म्हणजे रक्तातले पोटॅशियम वाढणे, त्यातला 'कल' अरबी 'अल्-कली' वरून आला आहे, 'मलेरिया' म्हणजे इटालियन भाषेत वाईट हवा, आणि 'चिकुनगुनिया' हा टांझानियातल्या माकोंडे भाषेतला शब्द असून वेदनेने वाकून जाण्याशी त्याचा संबंध आहे. ज्याला तो झाला आहे त्याला त्याची व्युत्पत्ती वेगळी सांगावी लागत नाही.

तुझा शेवटचा प्रश्न राहिला. बी. डी. म्हणजे 'बिस दिए', दिवसातून दोनदा. टी. डी. एस. म्हणजे 'तेर दिए सुमेन्दुम', दिवसातून तीनदा घ्यावे. एस. ओ. एस. म्हणजे 'सि ओपुस सित', गरज पडल्यास; जहाजाच्या संकटाशी त्याचा संबंध नाही. ए. सी. जेवणापूर्वी, पी. सी. जेवणानंतर, आणि एच. एस. म्हणजे 'होरा सोम्नि', झोपेच्या वेळी. ओ. डी. पाहिले की थांब: गोळीपुढे ते दिवसातून एकदा असते, आणि डोळ्याच्या थेंबांच्या चिठ्ठीवर ते 'ओकुलुस देक्स्तेर' म्हणजे उजवा डोळा असू शकते. शंका आली तर विचारून घ्यायचे, लाजायचे नाही.

उत्तर | उपसर्ग

सिस्टरांच्या यादीवर राहवत नाही म्हणून चार ओळी. 'बिस' म्हणजे द्विः, 'तेर' म्हणजे त्रिः, 'दिए' हा दिवसाचा नातेवाईक, 'देक्स्तेर' आणि दक्षिण एकाच कुळातले, आणि 'सोम्नि' म्हणजे पुन्हा आपले स्वप्न. 'होरा' ची वाट निराळी आहे: पंचांगातला होरा हा शब्द आपल्या ज्योतिषाने ग्रीकांकडून उसना घेतला. म्हणजे 'एच. एस.' या दोन अक्षरांत एक उसना शब्द आणि एक भावंड शेजारी बसले आहे.

कोरीवही

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस मी नवे काही पाठ न करता, पुढच्या धड्यांतले न शिकलेले शब्द घेऊन त्यांचा विग्रह करण्याचा प्रयत्न केला. कृपया तपासून द्यावे.

'कोलेसिस्टेक्टॉमी' मी शेवटून वाचले: काढून टाकणे, काय तर पिशवी, कसली तर पित्ताची, म्हणजे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया. 'पेरिकार्डायटिस' म्हणजे हृदयाभोवतीच्या आवरणाचा दाह. 'डिसयुरिया' म्हणजे लघवीला त्रास होणे. 'ऑस्टिओमायलायटिस' मध्ये हाड आणि दाह कळले, पण मधला 'मायलो' कोशात पाहावा लागला; तो अस्थिमज्जा निघाला. 'हायपोथर्मिया' ला मी 'उपघर्म' असे लिहून ठेवले आहे आणि आता तो शब्द मी जन्मात विसरणार नाही.

'पोलिओमायलायटिस' मध्ये मात्र अडकले. लहानपणी पोलिओचे डोस घेतले, बूथवर रांगेत उभी राहिले, पण 'पोलिओ' चा अर्थ काय हे कधी मनातही आले नव्हते. आणि 'मायोपिया' चा विग्रह मी 'मायो' म्हणजे स्नायू, 'ऑप्स' म्हणजे डोळा, म्हणून डोळ्याच्या स्नायूंचा आजार, असा केला. पुस्तकात तर त्याचा अर्थ लांबचे न दिसणे असा दिला आहे. माझे कुठे चुकले?

उत्तर | जुनाफळा

पहिले पाचही बरोबर आहेत. 'डिसयुरिया' मध्ये त्रास म्हणजे मुख्यतः जळजळ किंवा वेदना, एवढी भर घाला.

'पोलिओस' म्हणजे ग्रीकमध्ये करडा. 'मायेलोस' या शब्दाने हाडातला मगज आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू असे दोन्ही दर्शवले जातात, आणि इथे दुसरा अर्थ घ्यायचा. मज्जारज्जू आडवा कापला तर आत करडा भाग आणि बाहेर पांढरा भाग दिसतो. हा विषाणू त्या करड्या भागातल्या, स्नायूंना चालना देणाऱ्या पेशींवर घाला घालतो, म्हणून हे नाव. उपसर्ग सर येण्याआधी मीच सांगून टाकतो, कारण हे मी त्यांच्यासारख्याच एका सहकाऱ्याकडून शिकलो: 'पोलिओस' चे संस्कृत भावंड 'पलित', म्हणजे पिकलेले केस.

'मायोपिया' मध्ये तुमची पद्धत चुकली नाही, मूळ चुकले. स्नायूचा 'मायो' ग्रीक 'मूस' म्हणजे उंदीर या शब्दापासून येतो. मायोपियातला 'माय' 'मुएइन' या क्रियापदाचा आहे, ज्याचा अर्थ मिटणे. लांबचे न दिसणारा माणूस नीट दिसावे म्हणून पापण्या अर्धवट मिटून पाहतो, आणि ग्रीकांनी रोगाला नाव दिले ते त्याच्या त्या सवयीवरून. एसटी स्थानकावर समोरून येणाऱ्या गाडीची पाटी वाचायला चष्मा विसरलेले काका डोळे कसे बारीक करतात, तेवढे डोळ्यासमोर आणा.